ट्रंक कॉल लागेपर्यंत

सोमवारी नलूची नोकरी राहते की जाते, या काळजीने तीन दिवस मला काही सुचत नाही. गंमत अशी की गेले साडेपाच महिने मी याच नोकरीची काळजी उलट्या बाजूने करत होते. ही सुटेल कधी, असं मला झालं होतं. एकवीस वर्षांची पोरगी कानाला यंत्र लावून दिवसभर परक्या पुरुषांशी बोलते, आणि बोलते तरी काय, तर चंद्राच्या मागच्या बाजूविषयी! आता नोकरी खरोखरच जायची वेळ आली, तर ती जाऊ नये म्हणून जीव खालीवर होतो आहे. माझे यजमान कृष्णराव भिलाई स्टेशनात मालबाबू आहेत. ते म्हणतात, "तुले काळजीले विषय लागत नाही. तू आधी काळजी करते, मंग विषय शोधते."

नलू ज्या कंपनीत आहे ती बांधकामाची ठेकेदार कंपनी. भिलाईच्या नव्या पोलाद कारखान्याच्या कामावर असे कितीतरी ठेकेदार आहेत. कोणी पाया खणतो, कोणी पत्रे चढवतो. या कंपनीचं ऑफिस कॅम्प-१ या वस्तीच्या पलीकडे आहे आणि ऑफिसच्या मागे तिच्या मजुरांच्या झोपड्यांच्या रांगा, म्हणजे कंपनीचा स्वतःचा कॅम्प. कंपनीचं स्वतःचं लहानसं टेलिफोन एक्सचेंज आहे. तिथे नलू ऑपरेटर. सहा महिने उमेदवारी, मग कायम. ते सहा महिने एक मे रोजी पुरे होतात, आणि आज रविवार, तेवीस एप्रिल आहे.

उद्या तिच्याविषयी लोक काय वाटेल ते बोलतील. म्हणून ती मुळात कशी आहे, ते मी लिहून ठेवते.

नलू वाचायला शिकली ती मालगाडीवरून. आम्ही तेव्हा डोंगरगडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. पाटीवर 'ग गवताचा' गिरवायच्या आधी तिने डब्यांवर खडूने लिहिलेली गावांची नावं वाचली. डबा कुठे चालला, त्यात काय आहे, ते तिथेच का चाललं, हे ती वडिलांना विचारी आणि ते उत्तर देत बसत. तेवढ्यात गाडी निघून जाई. किराण्याची पुडी घरात आली की आतला जिन्नस ओट्यावर आणि कागद नलूच्या हातात. आमच्याकडे जिरं आणि मोहरी कित्येक वर्षं एकाच डब्यात नांदली, कारण दोन्ही पुड्यांचे कागद तिला एकदम हवे असत. अर्धीच बातमी मिळाली तर ती उरलेली अर्धी शोधायला वाण्याच्या दुकानात जायची. वाणी सज्जन होता. तो म्हणायचा, "बेटी, बाकी की खबर में मैंने हल्दी बाँध दी."

छप्पन्न साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. माझं माहेर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेलं म्हणून मी डोळे पुसत होते. सोळा वर्षांची नलू नकाशा पसरून बसली.

"आई, मले एक सांग. आपण हललो का राज्य हललं?"

यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "आपण हललो असतो तं मले प्रवासभत्ता भेटला असता."

पुढे यांची बदली भिलाईला झाली. इथे वाचनाची चंगळच होती. टाउनशिपच्या वाचनालयात रशियाहून येणारी गुळगुळीत मासिकं, कुठूनकुठून जमा झालेली जुनी इंग्रजी साप्ताहिकं, आणि नागपूरचा पेपर एक दिवस शिळा होऊन गार्डाच्या हातून आमच्या घरी. नलू सगळं वाचायची. मुंग्यांचं वारूळ, इंग्लंडातली निवडणूक, मोगलांच्या वेळच्या डाकचौक्या, न्यूयॉर्कात जमिनीखालून धावणारी गाडी. निवड अशी काही नाहीच. जेवताना ताटाशेजारी कागद पाहिजे. मी एकदा रागाने कागद उचलला, तर ती लोणच्याच्या बरणीवरचं वाचू लागली.

मॅट्रिक झाल्यावर मी म्हटलं, नागपूरला मामाकडे राहा आणि कॉलेजात जा. ती म्हणाली, "तू तं इतिहास घेऊन बी.ए. झाली. मंग?"

"मग काय?"

"तेच विचारून राहिली. मंग पुढं?"

 मी वरण ढवळायला आत गेले.

कंपनीत मुलाखत झाली ती ऑफिसचे बडेबाबू देवराव यांच्यासमोर. आवाज पाहायचा म्हणून त्यांनी एक छापील पान वाचायला दिलं. नलूने ते वाचलं आणि पान उलटून पुढचं वाचू लागली.

"बस झालं बाई, पुरे."

"एवढं संपू द्या जी. तो मानूस पुलावर उभा आहे."

देवरावांनी संपू दिलं. माणूस पुलावरून उतरला आणि नलूला नोकरी लागली.

हे काम कसं चालतं ते सांगायला हवं. ऑपरेटरपुढे एक उभा बोर्ड असतो, त्याला भोकं आणि दोऱ्या. कोणी फोन उचलला की दिवा लागतो. दोरी भोकात घालून विचारायचं, "नंबर प्लीज?" आणि दुसरी दोरी त्या नंबरात घालायची. प्रत्येक दोरीला एक खुंटी आहे. ती पुढे केली की त्या लाइनीवरचं बोलणं ऑपरेटरला ऐकू येतं आणि ऑपरेटरचं त्यांना. एका वेळी एकच खुंटी पुढे करायची, असा नियम आहे. दोन केल्या तर ती दोघं एकमेकांचंही ऐकतात.

गावातल्या गावात फोन लगेच लागतो. बाहेरगावी लावायचा तो ट्रंक कॉल. नागपूर, कलकत्ता, कुठेही. तो आधी नोंदवायचा आणि मग ताटकळायचं. तास लागतो, दोन तास लागतात. खरं म्हणजे रिसीव्हर ठेवून द्यावा, लागला की ऑपरेटर घंटी देते. पण आमच्या भिलाईत कोणीही रिसीव्हर ठेवत नाही. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून सावलीत बसलेल्या माणसाचा नंबर गेलेला सर्वांनी पाहिलेला आहे. फोनचंही तसंच असणार, अशी सगळ्यांची खात्री. कानाला रिसीव्हर लावून माणसं तासतासभर बसतात.

नलूला त्यांची दया आली. एक दिवस तिने कंपनीच्या कॅन्टीनच्या केवलरामला सांगितलं, "लाइन बिझी आहे जी. तोपर्यंत एक गोष्ट सांगू? कालच वाचली."

तिने चंद्राच्या मागच्या बाजूचा फोटो रशियाच्या यानाने कसा काढला ते सांगितलं.

"मंग मागं काय निघालं बाई?"

"खड्डे."

"म्हणजे आपल्या सुपेल्याच्या रस्त्यावानी," केवलराम म्हणाला. "त्याच्यासाठी एवढ्या दूर कावून गेले?"

तेव्हापासून हे सुरू झालं. लोखंडी गोळ्यात बसून समुद्राच्या तळाशी सात मैल खाली गेलेली दोन माणसं. ब्राझील देशात रान तोडून तीन-चार वर्षांत उभारलेली राजधानी. त्यावर केवलरामने विचारलं, "तिथं कॅन्टीनचा ठेका कोनाकडे आहे?" दवाखान्याचा कंपाउंडर पुंडलिक तर रोज दुपारी नुसता फोन उचलायचा. "बाई, नंबर नको. आज काय आहे?" याच महिन्यात बारा तारखेला माणूस पृथ्वीला फेरी मारून आला. बातमी कळल्यावर नलूने दिवसभर प्रत्येकाला आधी तेच सांगितलं. "मानूस आकाशात जाऊन वापस आला. नंबर प्लीज?" एका साइट सुपरवायझरने विचारलं म्हणे, "किस शिफ्ट में गया था?"

हे सगळं मला कसं माहीत? कारण यांच्या माल-ऑफिसात कंपनीचा फोन आहे. कंपनीचे सिमेंटचे, लोखंडाचे डबे आले की कळवायला तो बसवला. मी दुपारी यांचा डबा आणि संध्याकाळी चहा घेऊन स्टेशनात जाते, तेव्हा तो फोन उचलून नलूला एवढंच विचारते की जेवली का, डोकं दुखत नाही ना, घरी कोणाबरोबर येणार. दिवसातून एकदा. फार तर चारदा.

"हा फोन वॅगनसाठी आहे," हे म्हणायचे.

"पोरगी जेवली का हे विचारायला आधी वॅगन यायला पाहिजे का?"

यांनी वाद सोडून दिला. मी फोनवर असले की हे बाहेर जाऊन डब्यांची सीलं तपासायचे. गेल्या साडेपाच महिन्यांत भिलाई स्टेशनात एकाही डब्याचं सील कच्चं राहिलं नसेल.

शेजारच्या राधाबाई मला सांगायच्या, "वैनी, पोरीले अशी सवय बरी नाही. सासरी कोन आयकनार ब्राझील?" त्यांनी आणलेल्या एका स्थळाकडचे लोक पाहायला आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, बाई, स्वयंपाकात काय येतं? नलूने बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेचा, इथपासून सुरुवात केली. स्थळ गेलं. मुलाचा धाकटा भाऊ मात्र बटाट्याची गोष्ट पूर्ण ऐकून गेला.

आता गुरुवारचं सांगते.

कंपनीच्या कॅम्पात नाली नाही. झोपड्यांमागे सांडपाण्याचं डबकं साचतं आणि एप्रिलच्या उन्हात ते उकळी फुटल्यासारखं दिसतं. नालीचा अर्ज वर्षभर पडून आहे. तो ज्यांच्या टेबलावर पडून आहे ते कॅम्पचे व्यवस्थापक भय्याजी. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. एक कॅम्पाकडे उघडते, तिला वाळ्याचा जाड पडदा टांगलेला असतो आणि शिपाई दर तासाला त्यावर पाणी मारतो. दुसरी पेरूच्या झाडांकडे उघडते, आणि खुर्चीचं तोंड तिकडे आहे. भय्याजींच्या नाकापर्यंत कॅम्प कधी पोहोचतच नाही.

बुधवारी नलू वाचनालयातून एक फाटकं इंग्रजी साप्ताहिक घेऊन आली. तिला इंग्रजी थोडं अडतं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी ते तिला वाचून सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीचं लंडन. सगळ्या शहराची घाण नदीत जायची. अठराशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात नदीला अशी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटात सभासदांना नाकाला रुमाल लावून बसावं लागलं. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या पाण्यात भिजवून टांगले. मला कॉलेजातले दिवस आठवले. मी जरा रंगवूनच सांगितलं असेन.

गुरुवारी संध्याकाळी पाचला मी स्टेशनात गेले आणि नेहमीप्रमाणे फोन उचलला.

"थांब जरा, मी सांगून राहिली," नलू म्हणाली आणि माझी खुंटी पुढेच राहिली.

त्या दिवशी नागपूरची लाइन दोन तास बंद होती. ताटकळलेली माणसं जास्त. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून नलूने सगळ्या खुंट्या एकदम पुढे केल्या होत्या. एकदाच सांगावं, सगळ्यांनी ऐकावं. कोण कोण ऐकतंय हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि बोलण्याच्या भरात तीही विसरली होती.

"...तं मंग राणीच्या राजवाड्याले पडदे लावले, चुन्यात भिजवून..."

"राजवाड्याला नव्हे! पार्लमेंटला!" माझ्या तोंडून निघून गेलं. काल रात्री मी इतकं नीट समजावून सांगितलं होतं.



"बाई, तुमच्या लाइनीत दुसरी बाई घुसली," पुंडलिक म्हणाला.

"घुसली नाई जी. तिले ठाऊक आहे, सांगू द्या," नलू म्हणाली.

"मंग?" असा एक भारदस्त आवाज आला. तो आवाज मघापासून अधूनमधून "मंग?" म्हणत होता, आणि फार मन लावून म्हणत होता.

"पडद्यानं वास गेला का?" हा केवलराम.

आता मी थांबायला हवं होतं. पण तेवीस वर्षांनी कोणी मला इतिहासातला प्रश्न विचारत होतं.

"कसा जाईल? पडद्यानं वास जात नाही. नाल्यांची मागणी कित्येक वर्षं पडून होती. कोणी ढुंकून पाहत नव्हतं. त्या उन्हाळ्यात अठरा दिवसांत कायदा झाला. का? कारण या वेळी वास साहेबलोकांच्या खिडकीतून आत आला."

"आपल्या कॅम्पाचा अर्ज बी पडूनच आहे," पुंडलिक म्हणाला.

"पडूनच राहणार. भय्याजींची खुर्ची पेरूकडे तोंड करून आहे. ती एकदा मागं फिरवा आणि तो वाळ्याचा पडदा काढा. आठ दिवसांत नाली होईल."

केवलराम इतका हसला की त्याच्याकडे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. पुंडलिकला ठसका लागला. मग त्या भारदस्त आवाजाने घसा साफ केला.

"माझी खुर्ची कोन फिरवून राहिला?"

भय्याजी! दोन तास नागपूरच्या कॉलसाठी ताटकळत बसलेले. नलूने घाबरून सगळ्या दोऱ्या एका हिसक्यात ओढल्या. नेमका त्याच क्षणी नागपूरचा कॉल लागला होता, तोही तुटला.

मी रिसीव्हर ठेवला. हे बाहेर सील तपासत होते. मग आम्ही घरी निघालो. यांनी वाटेत एकदाच विचारलं, "जेवली का पोरगी?"

गोष्ट तिथेच मिटली असती. पण शुक्रवारी सकाळी भय्याजी खोलीत आले, तर वाळ्याचा पडदा गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला, खिडकी सताड उघडी आणि खुर्ची कॅम्पाकडे तोंड करून. शिपाई सुखरामने शपथेवर सांगितलं की झाडू मारून गेलो तेव्हा खुर्ची पेरूकडे होती. त्याच्यानंतर सकाळचा चहा ठेवायला केवलराम जातो. पण केवलरामला कोणी विचारलं नाही, आणि तो आपण होऊन सांगणारा माणूस नाही.

भय्याजींनी लेखी तक्रार केली. "ऑपरेटर बाईने ड्यूटीवर असताना सर्व लाइनी एकत्र जोडून माझ्या खुर्चीसंबंधी भाषण दिले व त्यानुसार दुसऱ्या दिवशी कार्यवाहीही झाली."

देवरावांनी नलूला बोलावलं. जे झालं ते तिने घरी येऊन आम्हाला सांगितलं.

"बाई, लाइनीवर बायकांचे आवाज किती होते?"

"एक."

"पुंडलिक म्हणतो दोन होते."

"पुंडलिक औषध मोजते जी. आवाज नाई मोजत."

"भय्याजी म्हणतात की एकच होता, पण तो दोन आवाजांत बोलत होता." देवरावांनी चष्मा काढून पुसला. "हे पाहा, खुंट्यांचं मी समज देऊन मिटवतो. पण ते खुर्चीचं दुसरं कोणी बोललं असेल तर नाव सांगा. तुमची फाइल साफ राहील. नाहीतर सोमवारी दहा वाजता भय्याजींसमोर यावं लागेल, आणि मग कायम होण्याचं माझ्या हातात राहणार नाही."

"मीच बोलली," नलू म्हणाली.

ते ऐकून मी हातातला घास ताटात ठेवला. "तू कावून असं सांगतलं?"

"मंग काय सांगू? माझ्या मायनं स्टेशनाच्या फोनवरून लेक्चर देल्लं? बाबाले मेमो भेटंल. वॅगनच्या फोनवर तू दिवसातून चारदा बोलते हे बी निघंल."

"एकदा," मी म्हटलं.

"मी तं काही आयकलं नाही," हे म्हणाले. "मी सील पाहत होतो."

नलू पाणी प्याली. "आई, तू बोलली ते खरंच होतं. मी फक्त राजवाडा चुकली."

काल शनिवारी केवलराम आणि पुंडलिक घरी आले. केवलरामने जिलबी आणली होती. मला वाटलं, सांत्वनाला आले असतील.

"मंग बाई," केवलराम बसल्या बसल्या म्हणाला, "लंडनच्या नाल्या व्हायले किती दिवस लागले? ते राहूनच गेलं."

नलूने जिलबीची बशी त्याच्याकडे सरकवली. मी सांगितलं की बरीच वर्षं लागली, जमिनीखालून मैलोन्‌मैल नाल्या बांधल्या, त्या अजून आहेत.

"वैनी, आम्ही सोमवारी सांगू का दुसरी बाई होती," पुंडलिक म्हणाला. "पन कोन होती ते आमाले बी मालूम नाही ना."

केवलरामने माझ्याकडे नीट पाहिलं. "आवाज तुमच्यावानीच होता. पन तुम्ही कायले तसं बोलसान? तुम्ही तं शिकल्यासवरल्या."

मी जिलबी आणखी वाढली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. भय्याजींनी खुर्ची अजून फिरवलेली नाही. तक्रारीत 'खुर्ची फिरवली' असं लिहिलंय, म्हणजे खुर्ची हा पुरावा झाला. सोमवारी देवराव जागेवर येऊन पाहत नाहीत तोवर पुराव्याला हात लावायचा नाही. पडद्यालाही नाही, खिडकीलाही नाही. सुखराम पाणी मारायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवला. शुक्रवारचा अख्खा दिवस आणि शनिवारची अर्धी पाळी भय्याजी उघड्या खिडकीसमोर कॅम्पाकडे तोंड करून, नाकाला पंचा बांधून बसले.

"आन शनिवारी दुपारी काय झालं ठाऊक आहे का?" केवलरामने मांडीवर थाप मारली. "दोन मानसं दोरी आन चुना घेऊन झोपड्यांमागं माप घेत होते! अर्जावर सही झाली!"

मला हसू आवरेना. हेही हसले. नलू थोडीशी हसली.

"मग तक्रार मागे घेतील," मी म्हटलं.

"नाही वैनी," पुंडलिक म्हणाला. "मी गेल्तो ना त्यांच्याकडं डोकेदुखीची गोळी घेऊन. ते म्हणाले, 'नाली वेगळी आन शिस्त वेगळी. माझ्या खुर्चीबद्दल त्या पोरीनं बोलायचं काही कारन नव्हतं.'"

त्या पोरीनं. 

राधाबाई आज दुपारी येऊन म्हणाल्या, जाऊ द्या नोकरी, देव चांगलंच करते, गोंदियाचं एक स्थळ आहे. महिन्यापूर्वी हेच ऐकून मी देवाला नारळ कबूल केला असता. आज मी त्यांना म्हटलं, बघू.

कारण दोन दिवस नलू वाचत नाही. आज नागपूरचा पेपर आला तो अजून घडी न मोडता टेबलावर पडला आहे. जेवताना ती ताटात बघून जेवली. वाढताना माझा हात तीनदा ताटाशेजारी अडखळला, कागद चुकवायच्या सवयीने, आणि तिथे कागद नव्हताच. मी विचारलं, "काय व, वाचत नाही का आज?"

ती म्हणाली, "वाचून काय करू? कोनाले सांगू? तिकडून 'मंग?' म्हनायलाच कोनी नाही राहनार."

बावीस-तेवीस वर्षांपूर्वी बी.ए.ची पदवी मिळाली तेव्हा मलाही पुढे 'मग?' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. त्याची खंत करत बसण्याची माझी वृत्ती नाही. काळजीतून तेवढा वेळ कुठे मिळतो? पण हिला कानाला यंत्र लावून तशी चार माणसं भेटली होती, त्यांत खुद्द भय्याजी होते, आणि माझ्या एका वाक्याने ती हिच्या हातून चालली आहेत. पोरीच्या जिभेमुळे काहीतरी घोटाळा होणार, असं मी साडेपाच महिने म्हणत आले. घोटाळा जिभेमुळेच झाला. जीभ माझी होती.

मघाशी अंथरुणावर पडताना हे म्हणाले, "उद्या सकाळी नऊला मले यार्डात जायचं आहे. मालगाडीचा एक रेक लागून आहे. तास दीड तास मोडंल."

"मग?"

"मंग काही नाही. ऑफिस उघडं राहते, एवढं सांगून राहिलो." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मेमोचं काय, असं मी विचारलं, तर उत्तर म्हणून घोरले. हे एरवी घोरत नाहीत.

म्हणून ठरवलं आहे. सोमवारी भय्याजी नऊला खोलीत येतात. त्यांना पाच मिनिटं उघड्या खिडकीसमोर बसू देईन आणि मग त्याच वॅगनच्या फोनवरून फोन करीन. बोर्डावर नलू असेल. तिने जोडून द्यायला नकार दिला तर तिला सांगीन की ऑपरेटरने नंबर विचारावा, कारण विचारू नये. आणि भय्याजींना म्हणेन, मी नलिनीची आई बोलते आहे. खुर्चीचं वाक्य माझं होतं. स्टेशनचा फोन वापरला ही माझी चूक, त्याबद्दल माफी मागते. वाक्याबद्दल मागत नाही, कारण सही तुम्हीच केलीत. दहाच्या आत देवरावांना हे कळवा, आणि ते बायकांचे आवाज मोजत असतील तर सांगा की दोन होते.